यादीपासून सीलपर्यंत: बोगस मतदान कसं रोखायचं, खरं मत कसं जपायचं

खान्देशात बोगस मतदानाची चर्चा रंगते ती मतदानाच्या दिवशी संध्याकाळी. पारावर, चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर. "त्या वॉर्डात पन्नास बोगस झाले", "सुरतहून गाड्या भरून आणले", असं खूप काही बोललं जातं. तोवर मशीन सील होऊन गाडीत चढलेलं असतं. बोगस मत अडवायच्या जागा त्याआधी येऊन गेलेल्या असतात, आणि त्या सामान्य मतदाराच्या हातातल्या असतात. शाळामास्तर म्हणून मी मतदान केंद्रावर ड्युटी केली आहे. खोलीतल्या टेबलामागून जे दिसतं ते गावाला माहीत असावं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मतदान केंद्रावर पात्रता तपासली जात नाही. समोरचा माणूस गावात राहतो का, त्याचं नाव यादीत कसं आलं, हे ठरवायचा अधिकार केंद्राध्यक्षाला, म्हणजे केंद्राच्या प्रमुख अधिकाऱ्याला, नाही. यादीत नाव आहे आणि समोर उभा असलेला तोच माणूस आहे, एवढंच तो बघतो. म्हणून पात्रतेचा सगळा वाद मतदानाच्या कितीतरी आधी, यादीच्या टप्प्यावरच मिटवावा लागतो. केंद्रावर उरतो तो फक्त ओळखीचा प्रश्न.

मतदार कोण होऊ शकतो

भारताचा नागरिक, वय १८ पूर्ण, आणि त्या मतदारसंघाचा सामान्य रहिवासी. पूर्वी वयाची अट २१ होती, ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ झाली. वय मोजायच्या तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे बारावीच्या वर्गातच हे काम उरकता येतं. सक्षम न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेली व्यक्ती किंवा निवडणुकीतल्या गैरप्रकारासाठी अपात्र ठरलेली व्यक्ती यादीत येऊ शकत नाही. तुरुंगात असलेल्याचं नाव यादीत राहतं, पण त्याला मत देता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या व्यक्तीला मात्र ही बंदी लागू नाही.

'सामान्य रहिवासी', खान्देशातला कळीचा शब्द

आपल्याकडे निम्मे वाद या शब्दावर होतात, त्यामुळे इथे थोडं थांबू.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० याबाबत दोन गोष्टी सांगतं. गावात फक्त घर आहे, एवढ्यावरून कोणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. आणि गावाबाहेर तात्पुरता गेला, एवढ्यावरून कोणाचं रहिवासीपण जात नाही.

आता हे आपल्या माणसांना लावून बघा. अक्कलकुवा, धडगाव, साक्री, शिरपूरकडचं कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातं आणि उन्हाळ्यात परततं. घर, शेताचा तुकडा, रेशनकार्ड, मुलांची शाळा सगळं गावाकडे. हे कुटुंब गावाचंच मतदार आहे. बीएलओ, म्हणजे घरोघर यादी तपासणारा केंद्रस्तरीय अधिकारी, आला तेव्हा दाराला कुलूप होतं म्हणून 'स्थलांतरित' असा शेरा मारून नाव उडवणं चूक आहे. दुसरीकडे, अमळनेर तालुक्यातला कोणी पंधरा वर्षं सुरतच्या उधन्यात किंवा लिंबायतमध्ये राहतोय, पोरं तिथेच शिकताहेत, आणि गावी वडिलोपार्जित घर फक्त जत्रेपुरतं उघडतो. त्याचं मत सुरतेत. गावाबद्दल माया कितीही असो, कायद्याने त्याने गावाकडचं नाव काढून घ्यायला हवं.

दोन्ही ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची सक्त मनाई आहे. एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव नको (कलम १७), एकाच मतदारसंघात दोनदा नको (कलम १८). नोंदणीसाठी खोटं निवेदन दिलं तर कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. "दोन्हीकडे नाव आहे पण मत एकीकडेच देतो" या बोलण्याला कायद्यात आधार नाही.

२०२४ च्या लोकसभेला गुजरातेत ७ मे रोजी मतदान होतं, नंदुरबार, जळगाव, रावेरला १३ मे आणि धुळ्याला २० मे. ज्याचं नाव दोन राज्यांत, त्याला दोन्हीकडे पोहोचायला सहज वेळ मिळाला असता. मध्ये उभी होती ती फक्त बोटावरची शाई. नवापूरला तर रेल्वेचा एकच फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. अशा सीमेवर यादी साफ ठेवणं हाच खरा बंदोबस्त.

यादी घेऊन बसा

प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की आपल्या भागाची यादी बीएलओकडे आणि केंद्राच्या ठिकाणी बघायला मिळते, संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येते. गल्लीतली दोन-चार जाणती माणसं, आणि त्यात एक तरी बाई हवी, अशांनी एक संध्याकाळ यादी वाचायला बसावं. बाई कशाला? कारण यादीतला सगळ्यात मोठा गोंधळ सुनांच्या आणि लेकींच्या नावांत असतो आणि तो बायकांनाच पटकन दिसतो.

लग्न होऊन रावेरची मुलगी अमळनेरला आली. सासरच्यांनी नमुना ६ भरून नवीन नोंद केली. माहेरचं नाव तसंच राहिलं, आडनाव वेगळं असल्यामुळे संगणकालाही ते पटकन सापडत नाही. कोणाच्याच मनात पाप नसतं, पण दुबार नाव तयार होतं, आणि माहेरच्या गावात त्या नावावर कोणीतरी दुसरीच मत देऊन जाते. उपाय सोपा आहे. आधीच मतदार असलेल्या व्यक्तीने पत्ता बदलला तर नमुना ६ भरायचा नाही, नमुना ८ भरायचा. त्याने जुन्या ठिकाणचं नाव निघतं आणि नव्या ठिकाणी लागतं. नावातली चूक, फोटो, दिव्यांग नोंद, हरवलेलं कार्ड या सगळ्यालाही नमुना ८ च.

नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी.

घरातलं माणूस गेलं की त्याचं नाव काढायला लोकांचा जीव होत नाही. "राहू दे ना भाऊ, आबांचं नाव शे तेवढं." भावना समजते. पण मेलेल्या माणसाचं नाव हेच बोगस मतदाराचं पहिलं लक्ष्य असतं. मृत्यू दाखला जोडून नमुना ७ भरून द्या. त्याने वारस नोंदीला किंवा पेन्शनला काही धक्का लागत नाही.

नमुना ७ चा दुरुपयोगही होतो, हे डोळ्यांआड करून चालणार नाही. विशिष्ट वस्तीतली, विशिष्ट आडनावांची नावं उडवायला काही जण गठ्ठ्याने अर्ज भरतात. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो, त्याचं नाव अर्जावर असतं आणि खोटी माहिती दिली तर वर सांगितलेलं कलम ३१ त्यालाही लागतं. ज्याच्या नावावर हरकत आली त्याला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस आली की घरी बसू नका. तारखेला कागद घेऊन जा. ऊसतोडीवर असाल तर गावातल्या नातेवाइकाला आजच सांगून ठेवा की कागद आला तर फोन कर. निर्णय विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

मुदत विसरू नका. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव येत नाही आणि असलेलं निघतही नाही. अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून अर्ज त्याच्या बराच आधी गेलेला बरा.

जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, ती राज्य निवडणूक आयोग घेतो. पण यादी तीच, विधानसभेची, प्रभागानुसार तोडलेली. त्यामुळे पालिकेत जाऊन "माझं नाव घाला" म्हणण्यात अर्थ नसतो. नाव विधानसभेच्या यादीत असेल आणि चुकीच्या प्रभागात गेलं असेल, तर मात्र प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत राज्य आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायची पद्धत आणली. असा तारा तुमच्या नावापुढे दिसला तर घाबरू नका. कोणत्या केंद्रावर मत देणार ते विचारतील, लिहून द्या. ते न देता थेट केंद्रावर गेलात तर हमीपत्र घेऊन आणि ओळख नीट तपासूनच पुढे सोडतात.

ओळखीचे कागद

घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, २०१९ पासून हा नियम आहे. ती भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधायला उपयोगी. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोची पेन्शन कागदपत्रं, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यातलं काहीही चालतं. रेशनकार्ड या यादीत नाही. दर निवडणुकीत कोणीतरी आजी रेशनकार्ड घेऊन रांगेत उभी राहते आणि परत पाठवली जाते. आदल्या दिवशीच सांगा: "माय, आधार नाहीतर जॉबकार्ड लई जाय."

ओळखपत्रावर नावाची किरकोळ चूक असली आणि माणूस ओळखू येत असला तर अडवता येत नाही. दुसऱ्या मतदारसंघातून मिळालेलं जुनं कार्डही ओळखीसाठी चालतं, फक्त नाव या केंद्राच्या यादीत हवं.

पहाटेचं काम: अभिरूप मतदान

मतदान ७ वाजता सुरू होणार असेल तर पोलिंग एजंटने, म्हणजे उमेदवाराच्या केंद्रातल्या प्रतिनिधीने, साडेपाचला केंद्रावर असलं पाहिजे. मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल, होतो. प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला मतं टाकून एकूण किमान ५० मतं घेतात, निकाल काढतात, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवतात. नंतर मशीनमधली ही मतं पुसतात आणि चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद करतात. एजंटने इथे बघायचं ते हेच: 'क्लिअर' केल्यावर 'टोटल' दाबून शून्य दिसलं का, आणि व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी झाली का. मग हिरव्या कागदी सीलवर स्वतः सही करा आणि सीलचा क्रमांक लिहून घ्या. उशिरा येणारे एजंट दिवसभर मशीनवर संशय घेत बसतात. साडेपाचला आलेला माणूस संध्याकाळपर्यंत शांत असतो.

टेबलाटेबलावर काय घडतं

पहिला मतदान अधिकारी ओळखपत्र बघतो आणि अनुक्रमांक व नाव मोठ्याने उच्चारतो. सगळी खबरदारी या एका उच्चारावर उभी आहे. एजंटसमोर त्याच्या यादीची प्रत असते. नाव ऐकलं की तो माणसाकडे बघतो, यादीवर खूण करतो. नाव पुटपुटलं जात असेल तर एजंटने नम्रपणे सांगावं, "सर, जरा मोठ्याने." तो त्याचा हक्क आहे. अनोळखी बाहेरगावचा एजंट बसवण्यापेक्षा गल्लीतल्या प्रत्येकाला नावाने ओळखणारी अंगणवाडीकडची मावशी किंवा किराणा दुकानदार शंभर पटीने बरा. बुरखा किंवा पदर असेल तर ओळख पटवायला महिला अधिकारी किंवा मदतनीस असते आणि ते आडोशाला, सन्मानाने करायचं असतं.

दुसरा अधिकारी डाव्या हाताची तर्जनी तपासतो, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ ओढतो, नोंदवहीत (नमुना १७ अ) सही किंवा अंगठा घेतो. शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, १९६२ पासून. तेल किंवा मेणाचा थर लावून आलेलं बोट आधी पुसून घ्यायचं असतं. बोटावर आधीच खूण असेल किंवा बोट दाखवायला नकार दिला तर मत देता येत नाही. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेऊन मशीन चालू करतो. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढ्यात नाव आणि चिन्ह बघून घ्या, मान वर करायची घाई करू नका.

केंद्राध्यक्षाकडे आणखी एक कागद असतो: गैरहजर, स्थलांतरित, मयत आणि दुबार मतदारांची यादी. त्या यादीतल्या नावावर कोणी आलं तर ओळख कडकपणे तपासतात, अंगठा घेतात. पण मत नाकारत नाहीत. सुट्टी काढून, रात्रभर बसमध्ये बसून बारडोलीहून आलेला ऊसतोड कामगार त्या यादीत 'स्थलांतरित' असू शकतो. ओळख पटली तर त्याचा हक्क शाबूत आहे. एजंटने अशा माणसाला हुसकावून लावायचा प्रयत्न करू नये, आणि त्या माणसानेही ओरडा ऐकून माघारी फिरू नये.

"हा तो नाही" असं वाटलं तर

आरडाओरडा करू नका. त्या माणसाने मत द्यायच्या आधी, तिथल्या तिथे, पोलिंग एजंटने केंद्राध्यक्षाकडे आक्षेप घ्यायचा. दोन रुपये रोख भरून पावती घ्या. केंद्राध्यक्ष त्या व्यक्तीला तोतयेगिरीच्या शिक्षेची जाणीव देतो, यादीतली नोंद वाचून दाखवतो, आक्षेपित मतांच्या यादीत (नमुना १४) नाव-पत्ता लिहून सही घेतो. मग तुम्हाला पुरावा विचारतो. हजर असलेल्या शेजाऱ्यांना, गावातल्या कर्मचाऱ्यालाही विचारू शकतो. आक्षेप खरा निघाला तर तोतया पोलिसांच्या हवाली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आक्षेप खोडसाळ असला तर तुमचे दोन रुपये जप्त. रक्कम किरकोळ वाटते, पण ती भरल्यावर सगळं कागदावर येतं, आणि नंतर उपयोगी पडतो तो कागदच.

आक्षेप फक्त ओळखीवर घ्यायचा. "हा गावात राहत नाही" हा आक्षेप केंद्रावर चालत नाही. त्याची वेळ यादीच्या टप्प्यावर होती.

"तुमचं मत पडून गेलं" असं सांगितलं तर

दुपारी दोनच्या सुमाराला एक बाई येते. शेतातून थेट आलेली, हाताला कापसाच्या बोंडाचे ओरखडे. अधिकारी यादी बघतो, नावावर आधीच लाल रेघ. "तुमचं झालंय मत." तिचं बोट कोरं. दहापैकी नऊ जणी इथे मान खाली घालून परत जातात. हे मी टेबलामागून पाहिलंय आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण कायद्याने तिच्यासाठी दार उघडं ठेवलेलं आहे.

त्याला प्रदत्त मत म्हणतात. निवडणूक नियमांतला नियम ४९ पी. केंद्राध्यक्षाने ओळखीबद्दल प्रश्न विचारायचे, उत्तरं समाधानकारक असली की तिला मशीनवर नाही तर कागदी मतपत्रिकेवर मत द्यायला लावायचं. मतपत्रिकेच्या मागे 'प्रदत्त मतपत्रिका' असं लिहिलेलं असतं. शिक्का मारून, घडी करून ती केंद्राध्यक्षाकडे द्यायची, तो ती वेगळ्या पाकिटात ठेवतो आणि नमुना १७ ब मध्ये तिची सही किंवा अंगठा घेतो. मागताना शब्द नेमके वापरा: "माझ्या नावावर दुसऱ्याने मत दिलंय, मला प्रदत्त मतपत्रिका द्या." नकार मिळाला तर क्षेत्रीय अधिकाऱ्याला बोलवायला सांगा, नाहीतर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन लावा.

हे मत मतमोजणीच्या दिवशी मोजलं जात नाही. मग उपयोग काय, असं लोक विचारतात. निकाल अटीतटीचा झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं तर हीच पाकिटं उघडली जाऊ शकतात. २००८ मध्ये राजस्थानच्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि त्या वादात प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिवाय एखाद्या केंद्रावर १७ ब ची पानं भरली, की तिथे काय चाललं होतं ते लेखी दिसतं. तक्रारीला यापेक्षा मजबूत आधार क्वचित मिळतो.

चिठ्ठीवर दुसरंच चिन्ह छापलं असा दावा असेल तर नियम ४९ एमए आहे. लेखी निवेदन द्यावं लागतं, मग एजंटांसमोर चाचणी मत घेतात. दावा खोटा निघाला तर गुन्हा दाखल होतो, म्हणून नक्की पाहिलं असेल तरच बोला. स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसतं, तिथे हा नियम लागू पडत नाही.

मदतनीस आणि घरून मतदान

अंध किंवा अशक्त मतदारासोबत १८ वर्षांवरचा एक सोबती आत जाऊ शकतो. एका सोबत्याने दिवसभरात एकाच मतदाराला मदत करायची, आणि त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावतात. एकच कार्यकर्ता सकाळपासून चौथ्या आजीला हात धरून आत नेतोय असं दिसलं तर एजंटने तिथेच बोलायचं. ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार नमुना १२ डी भरून घरून मत देऊ शकतात. पथक कधी येणार ते उमेदवारांना कळवतात आणि त्यांचा प्रतिनिधी हजर राहू शकतो.

संध्याकाळी सहानंतर

वेळ संपताना रांगेत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या देतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. ज्याच्या हातात चिठ्ठी त्याला मत द्यायला मिळतंच, रात्रीचे आठ वाजले तरी.

एजंटने दिवसभर दोन तासांनी 'टोटल'चा आकडा विचारून लिहून ठेवावा. नोंदवहीतल्या शेवटच्या अनुक्रमांकाशी तो जुळला पाहिजे. कोणी सही करून मत न देता परत गेला असेल तर तेवढाच फरक, आणि त्याचीही नोंद असते. शेवटी 'क्लोज' दाबलं की मशीन आणखी मत घेत नाही. मग केंद्राध्यक्ष नमुना १७ क भरतो: किती मतदार, किती मतं, मशीनचे क्रमांक, सीलचे क्रमांक. त्याची सही केलेली प्रत प्रत्येक एजंटला द्यावीच लागते. ती घेतल्याशिवाय उठू नका. थकवा आलेला असतो, घरून फोन येत असतात, आणि इथेच बरेच एजंट कागद न घेता निघून जातात.

नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या ठिकाणी पथक बोटीने जातं, तिथून मशीन तालुक्याला यायला वेळ लागतो. उमेदवाराचा माणूस मशीनच्या गाडीमागे आपल्या वाहनाने येऊ शकतो, मशीन ठेवायच्या स्ट्राँग रूमच्या दाराला आपलं सील लावू शकतो. मोजणीच्या दिवशी टेबलावर मशीन आलं की आधी १७ क वरचा मशीन क्रमांक आणि एकूण मतं जुळवा, मग मोजणी बघा. जुळलं नाही तर त्याच क्षणी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी द्या.

विधानसभा किंवा लोकसभेच्या निकालाविरुद्ध निवडणूक याचिका ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या कक्षेत येतात. वकील पहिल्यांदा मागतो तो १७ क, मग आक्षेपाची दोन रुपयांची पावती, मग त्या दिवशी केलेल्या लेखी तक्रारीची पोच. तिन्ही एका पिशवीत घालून निकालानंतर किमान दोन महिने जपून ठेवा.